जोडसायकलीवरचा पुढचा माणूस

३ सप्टेंबर, मंगळवार

आज सायकल आली. दोन सीटची, दोन हँडलची, चार पेडलची आणि लांबीला आमच्या पलंगाएवढी. जिन्याखाली मावली नाही म्हणून बैठकीच्या खोलीत ठेवली. आता सोफ्यावर बसलं की समोर चेन दिसते, काळी आणि तेलकट. एकतीस वर्षं अन्न-निरीक्षक म्हणून मी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतला असाच चिकट थर नखाने खरवडून बघितला, शेरे लिहिले, टाळं ठोकलं. निवृत्त झालो तर तोच थर घरात, पंख्याखाली.

तरी घेतली. कारण लिहून ठेवतो. हिचे डोळे जाताहेत. डॉक्टर म्हणतात, कडा गेल्याच आहेत, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, तेही वर्ष-दीड वर्षात जाईल. हिने चोवीस वर्षं सायकलवरून घरोघर हिंडून लोकांना इंजेक्शनं दिली, जखमा बांधल्या. जूनमध्ये ते सुटलं. तेव्हापासून मेहुणीचा रोज फोन. ताईला कायमची आमच्याकडे पाठवा, आमचं घर तळमजल्यावर आहे, मी दिवसभर घरी असते, तुमच्याने व्हायचं नाही. 'तुमच्याने व्हायचं नाही' हे तिने मला आतापर्यंत चार वेळा ऐकवलंय. शेवटी हीच तिला म्हणाली, 'दहा नोव्हेंबरला गाडी घेऊन ये. तोवर ठरवते, यायचं की इथेच राहायचं.'

माझ्यादेखत म्हणाली. मला विचारलं नाही.

म्हणून सायकल. मी पुढे, ही मागे. नुसतं तोंडाने 'मी आहे ना' म्हणण्यापेक्षा हे बरं.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली फेरी. साडेसहाला निघालो, नदीकाठाने पुलापर्यंत गेलो आणि परत. शर्ट पाठीला असा चिकटला होता की सोलून काढावा लागला. आपल्याच घामाचा वास इतका आंबट असतो हे मला साठाव्या वर्षी कळलं. आजवर दुसऱ्यांची घाण हुंगण्यातून सवड मिळाली नव्हती. हॉटेलवाले मला मागून 'नाकसाहेब' म्हणायचे. मला ठाऊक होतं.

गिअर आठ आहेत. मी आठवा टाकला आणि तिथेच ठेवला. हिशोब साधा आहे. स्कूटर टॉपला टाकली की पेट्रोल वाचतं, तसं इथे पाय कमी फिरतात आणि सायकल जास्त जाते. हलक्या गिअरमध्ये भराभरा पाय फिरवत जाणारी माणसं मला पहिल्यापासून केविलवाणी वाटतात. उलटं पडलेलं झुरळ पाय हलवतं, तशी.

ही मागून दोनदा म्हणाली, 'अहो, हलका टाका की.' मी म्हटलं, होईल सवय. मग म्हणाली की थांबताना, निघताना, पाय थांबवताना आधी सांगत चला. मला दिसतंय ना सगळं, मग तुला कशाला सांगायला हवं, असं मी म्हटलं.

११ सप्टेंबर, बुधवार

रोज जातोय. एक दिवस चुकवलेला नाही, हे मेहुणीला फोनवर मुद्दाम सांगितलं.

हिच्या सूचना काही थांबत नाहीत. पाऊल टाचेवर नको, चवड्यावर टेकवा. लाथ मारल्यासारखं दाबू नका, गोल फिरवा. तुला मागून माझी टाच कशी दिसते, असं विचारलं तर म्हणाली, 'दिसत नाही. तुम्ही दाबलं की माझी सीट डुलते.' चोवीस वर्षं एकटी सायकल चालवली म्हणून दोघांची सायकल कळते असं थोडंच आहे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

संध्याकाळी ही उजव्या गुडघ्याला मलम चोळत बसते. कापूर आणि रॉकेल एकत्र सांडल्यासारखा वास. जेवणाच्या टेबलापर्यंत येतो. वय झालं की गुडघे कुरकुरायचेच, त्याला कोण काय करणार. मी दोन्ही खिडक्या उघडल्या आणि ताट घेऊन सज्जात जाऊन बसलो.

१५ सप्टेंबर, रविवार

शिसारी आली आज.

पाण्याच्या टाकीचा चढ आहे. अर्धा किलोमीटर असेल, पण उभा. मी आठव्यावरच घातली. निम्म्यावर पाय पुढे जाईनात, तेव्हा नाइलाजाने गिअर बदलला. सगळा जोर पेडलवर असताना बदलला, म्हणून म्हणे चेन कडकडून बाहेर आली. सायकल आडवी होता होता वाचली. हिचं कोपर कठड्याला खरचटलं.

चेन लोंबत होती. जुनं तेल, धूळ, कसले तरी केस. माझा हात तिकडे जाईना. मी रुमाल शोधत होतो, तेवढ्यात ही खाली बसली, डोळे मिटले आणि नुसत्या हातांनी चाचपत चेन चढवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. डोळे मिटून का, तर म्हणे अर्धवट दिसण्याचा त्रासच जास्त होतो.

मग उठली आणि हात पुढे केला, कारण उताराला मी तिला धरून नेतो. दोन्ही तळवे काळे, नखांत काळं, अंगठ्यावरून ओघळ. मी हात धरला नाही. बाहीला धरलं, चिमटीत, कोपराच्या वर. दुसऱ्या हाताने सायकल ढकलत घरी येईपर्यंत तसंच. ती म्हणाली, 'साबणाने निघतं हो ते.' मी म्हटलं, निघायला हवं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सायकल दुकानात नेली, ही बरोबर होती. दुरुस्ती करणारी एक बाई आहे, पस्तिशीची. तिची नखं बघून मी चहा नाकारला.

चेन बघता बघता तिने माझी शाळा घेतली. कुठला गिअर वापरता, आठवा, चढावर कुठला, आठवाच. ती हसली. मी स्कूटरचं गणित सांगितलं तर म्हणाली, 'साहेब, स्कूटरला टाकी असते. इथं पेट्रोल तुम्ही दोघंच. जड गिअरमध्ये पाय कमी फिरतात खरं, पण दर फेरीला सगळा भार गुडघ्यावर. हलका टाका, मिनिटाला ऐंशी फेऱ्या करा, दम लागेल पण गुडघे राहतील. आणि चढ लागायच्या आधी बदला, चढावर नाही. बदलताना पाय ढिले सोडा.' आणखी म्हणाली की जोडसायकलीला चारही पेडल एकाच चेनीला बांधलेली. पुढच्याने थांबवलं की मागच्याचे पाय जागच्या जागी थांबतात. म्हणून पुढच्याने तोंड चालू ठेवायचं, गिअर, खड्डा, थांबतोय, निघतोय. नियमच आहे तो.

हिने तेव्हा माझ्याकडे बघितलं असावं. नक्की सांगता येत नाही, हल्ली तिची मान वळली तरी नजर कुठे आहे ते कळत नाही.

रविवारी सकाळी ती दुकानवाली बंद कापडगिरणीच्या आवारात दृष्टी गेलेल्यांना जोडसायकलीवर फिरवते. पुढे बसायला चार-पाच डोळस माणसं येतात. हिने लगेच नाव दिलं. मी म्हटलं, तुला दिसतं अजून. 'अजून' म्हणाली ही, बस एवढंच.

२२ सप्टेंबर, रविवार

गिरणीचं आवार म्हणजे कबुतरांची विष्ठा. भिंतीवर थर आहेत, वर्षावर्षाचे मोजता येतील असे. मी अजून खात्यात असतो तर टाळं ठोकलं असतं.

हिच्या पुढे एक दंतवैद्य बसला. चाळिशीचा, घट्ट चड्डीतला. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालणारा माणूस. फिरताना सारखा बडबडत होता. 'हलका टाकतोय. डावीकडे वळण. पाय थांबवतोय, एक, दोन, थांब. निघू या?' पोपटपंची नुसती. मी भिंतीशी उभा राहून मोजलं, त्यांचे पाय मिनिटाला अठ्ठ्याऐंशी वेळा फिरत होते. झुरळं, दोन.

चौथ्या फेरीला ही मोठ्याने हसली. कशाला ते कळलं नाही. असं हसणं मी जूनपासून ऐकलं नव्हतं.

उतरली तेव्हा गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले. दंतवैद्याने तिचा घामेजला हात धरून तिला खाली उतरवलं, सहज. नंतर पुसलाही नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज नाही गेलो. माझ्या पोटाचं निमित्त सांगितलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा रोज जातो, पण आता तोंड बंद ठेवून चालवतो आणि तीही तोंड बंद ठेवते. आज टाकीच्या चढावर आठवा सोडला नाही. मांड्या पेटल्या, तोंडात आंबट पाणी आलं, तरी वर काढली. वर पोचल्यावर मी म्हटलं, बघितलंस? आणि मग मनात होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, मागे बसून तू नुसते पाय ठेवतेस, ओढतो मी एकटा. दंतवैद्यामागे पाय फिरतात, माझ्यामागे फुकटची स्वारी.

ती कठड्याला टेकून उजवा पाय सरळ करून उभी होती. मग म्हणाली, 'बरं.'

असलं 'बरं' मला अजिबात आवडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

हिचा गुडघा सुजला. सकाळी जिना उतरताना बसलीच. वाटीएवढा फुगलाय, कातडी ताणून चकचकीत झाली आहे. बघवत नाही. डॉक्टरांनी पाणी काढलं, पिवळसर, चिकट. मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. तीन आठवडे सायकल बंद, म्हणाले, आणि पुढेही जड गिअर आयुष्यात नको.

म्हणजे दंतवैद्याने काम केलं. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी फेऱ्या! पायाची पार घुसळण झाली असणार. घरी येताच मी हे बोलून दाखवलं. हिने बहिणीला फोन लावला आणि दार लोटून घेतलं. आतून एवढंच ऐकू आलं, 'हो. दहालाच ये.'

मी चेन पुसून काढली. राग काढायला चिंधी आणि ती चेन सोडून दुसरं काही सापडलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

गिरणीत गेलो, एकटा. दुकानवालीला सरळ म्हटलं, तुमच्या माणसाने माझ्या बायकोचा गुडघा घालवला. तिने शांतपणे विचारलं, 'त्यांच्याबरोबर बाई किती बसल्या? तीन रविवार, मिळून दोन तास. तुमच्याबरोबर?' मी हिशोब केला नाही. तिनेच केला.

मग म्हणाली की इथे पुढे बसायचं तर आधी मागे बसावं लागतं, डोळे बांधून, पाच फेऱ्या. दंतवैद्यही बसला होता. तुम्ही कधी बसलात का? तिने खिशातून एक काळी पट्टी काढली. किती जणांच्या कपाळाचा घाम तिच्यात मुरला असेल देव जाणे. कडेला पांढरट मिठाची रेघ होती.

मी नको म्हटलं. हे माझं वय नाही, असंही म्हटलं. ती म्हणाली, 'ठीक आहे. पण बाई गेल्या की मग कुणाला पुढे बसवणार आहात?' गेल्या की, म्हणे. म्हणजे हिने तिलाही सांगितलंय. जगाला ठाऊक, फक्त मी मूग गिळून बसलोय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

घरात मलमाचा वास आणि न बोलणं. ही एक एक खण आवरते आहे, हातांनी चाचपून, कपड्यांच्या घड्या घालते आहे. मी विचारलं, काय शोधतेस. म्हणाली, शोधत नाही, बघून ठेवते.

२० ऑक्टोबर, रविवार

घरचा मोठा रुमाल काल उकळून, उन्हात वाळवून घेतला. तो डोळ्यांना बांधला. दुकानवाली म्हणाली, रुमालाला माझी हरकत नाही.

ती पुढे बसली, मी मागे. पहिल्या दोन फेऱ्या तिने बोलून चालवली. हलका टाकते, पाय थांबवते, निघते. मला आनंद झाला नाही, पण भीतीही वाटली नाही. पाय आपोआप फिरत होते. मी म्हटलं, हे काय, सोपं आहे.

तिसऱ्या फेरीला ती गप्प झाली.

आता नीट लिहायला हवं. आधी पाय एकदम जड झाले. न सांगता. चिखलात रुतावेत तसे. मी सगळा जोर लावला तेव्हा कुठे पेडल सरकलं, आणि गुडघ्याच्या वाटीखाली काहीतरी करकरलं. मग ते अचानक थांबलं. माझे पाय हवेत अडकले, कंबर पुढे फेकली गेली, हनुवटी तिच्या पाठीवर आपटली. का थांबलो, समोर काय आहे, भिंत, माणूस, खड्डा, काही कळेना. पुन्हा हिसका. पुन्हा जड. आणि प्रत्येक फेरीत एका ठिकाणी पेडल वर येताना अडायचं. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. ते ओझं मलाच उचलावं लागत होतं, दर फेरीला, डावं-उजवं, डावं-उजवं.

मी ओरडलो, 'मागे काहीतरी अडतंय. चेन बघा.'

ती म्हणाली, 'चेन बरी आहे. तो माझा पाय आहे. एका पायाने लाथ मारते आणि दुसरा पेडलवर नुसता ठेवून देते. तो वर आणायचं काम मागच्याचं.'

'असं कोण चालवतं?'

'मला असं चालवता येत नव्हतं. तुमच्या बाईंनी शिकवलं. परवा फोनवर सगळं बारकाव्याने सांगितलं. ते आले आणि बसायला तयार झाले, तर मुद्दाम असंच चालव म्हणाल्या.'

आणखी अर्धी फेरी तिने काढली. मग मी थांबवा म्हटलं. रुमाल सोडला तर आम्ही आवाराच्या अगदी मधोमध, सपाट मोकळ्या जागेत उभे होतो. आसपास दहा-दहा पावलांत काही नव्हतं. घाबरण्यासारखं कुठेच काही नव्हतं. मी कबुतरांच्या घाणीने भरलेल्या पायरीवर बसलो आणि ते बसल्यावर लक्षात आलं.

बाहीला चिमटीत धरून आणलं होतं मी हिला, टाकीवरून.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी हिला म्हटलं, 'माझा पाय तू उचलत होतीस.' ही मलम लावत होती. म्हणाली, 'सव्वा महिना.' मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, 'रोज सांगत होते.'

खरं आहे. आज ही वही मागे उलटून वाचली. प्रत्येक दिवशी सांगितलंय. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि वर मी शेरे मारलेत. उंटावरून शेळ्या. फुकटची स्वारी. पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत. एखाद्याने असं स्वयंपाकघर मला दाखवलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

दुपारी मलमाची बाटली मागितली आणि तिच्या गुडघ्याला मी लावलं. वास तोच. बोटांना अजून येतोय.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानात शिकवणी सुरू. सायकल स्टँडवर चढवून मागचं चाक अधांतरी ठेवतात आणि मी एका पायाने पेडल फिरवतो, दुसरा स्टुलावर. पहिल्याच मिनिटाला कळलं की मला पाय फिरवता येत नाही. वरून खाली दाबतो, आणि खाली गेल्यावर काय करायचं ते पायाला ठाऊकच नाही. तिथेच घोडं पेंड खातं. खट्, खट्, असा आवाज येतो.

गोल फिरवा, ओढा, उचला, तिने परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैतागून म्हणाली, 'साहेब, बुटाखाली घाण आली असं समजा. पाय खाली गेला की पायपुसण्यावर तळवा मागे घासून पुसा.'

हे मात्र मला तत्काळ समजलं. आयुष्यभर तेच केलंय. प्रत्येक हॉटेलातून निघताना बूट असेच तर घासायचो. डोळ्यांसमोर गिरणीची पायरी आणली आणि पाय मागे ओढला. खट् आवाज बंद. चाक एकसारखं घुमायला लागलं, शिवणाच्या यंत्रासारखं. डाव्या पायाला दोन दिवस लागतील, तो आळशी आहे.

किळस येणाऱ्या माणसाला ही एकच गोष्ट लवकर शिकता येते, असं तिला म्हटलं. ती हसली. तिच्या हातचा चहा घेतला. कपाच्या कडेला काळा अंगठा उमटला होता. दुसऱ्या बाजूने प्यायलो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दोन्ही पायांनी मिनिटाला ऐंशी. धाप लागते, मांडीला काही होत नाही. घाम तसाच आंबट. हिने विचारलं, रोज कुठे जाता? मी सांगितलं, पाय पुसायला.

कपाटातला तिचा निम्मा खण रिकामा आहे. पलंगावर मोठी निळी बॅग आली आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांनी सपाट रस्त्याची परवानगी दिली. मला वाटलं ही दंतवैद्याकडे जाईल. गिरणीत तिने कुणालाच विचारलं नाही. नुसती माझ्या सायकलीच्या मागच्या सीटला हात लावून उभी राहिली. मेहेरबानी होती की शेवटची संधी, समजलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मी म्हटलं, गिअर तू सांग. तुझ्या पायांना आधी कळतं. तिला ते अपेक्षित नसावं. मग सांगत गेली. 'हलका. अजून एक. राहू दे. वारा समोरून आहे, अजून एक.' साठ वर्षांच्या माणसाने असे हुकूम पाळत फिरायचं आणि दंतवैद्याने ते भिंतीशी उभं राहून बघायचं, मला लाज वाटत होती. पण मी प्रत्येक वेळी मोठ्याने बोललो. टाकला दुसरा. पाय थांबवतोय. निघतोय. घसा बसला.

सहाव्या फेरीला ती म्हणाली, 'पाय उचलताय.' मी म्हटलं, हो. 'दोन्ही?' म्हटलं, डावा अधूनमधून विसरतो. ती म्हणाली, 'कळतं मला. तो विसरला की मी आणते.'

उतरताना हात मी धरला. ओला होता. माझाही.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सहाला ही उठून तयार. आज कशाला, मेहुणी येणार आहे, असं मी म्हटलं. म्हणाली, ती अकराला येईल. टाकीवर जाऊ.

चढाच्या बऱ्याच अलीकडे तिने पहिला टाकायला लावला. मला तो गिअर कधी वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं. इतका हलका की पाय फिरतात आणि सायकल चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन आमच्या शेजारून चालला होता, तो पुढे गेला. कुत्र्याने मागे वळून बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण गिअर तोच ठेवला. मागून एकदाही हिसका आला नाही. मी सारखं विचारत होतो, गुडघा? ती म्हणायची, ठीक.

वर ती कठड्याला टेकली. आज पाय सरळ करून उभी राहिली नाही. म्हणाली, 'तुम्हाला एक सांगते. मी सायकल चालवायला बसतच नव्हते. डोळे गेले की सगळंच असं होणार. रस्ता, बँक, दवाखाना, ताटात काय वाढलंय ते. तुम्ही पुढे, मी मागे. मला बघायचं होतं, बसवेल का.'

'मग?'

'ज्या दिवशी गुडघा सुजला त्या दिवशी ठरलं होतं, नाही बसवणार.'

आज काय ठरलं ते न विचारता मी सायकल वळवली. खाली येईपर्यंत फक्त ब्रेक, वळण, खड्डा, एवढंच बोललो.

मेहुणी अकराला आली. बूट न काढता आत आली, नेहमीप्रमाणे. सायकलीला वळसा घालून म्हणाली, हे धूड अजून इथेच? मग ताईला म्हणाली, चल, बॅग कुठाय?

ही म्हणाली, 'या महिन्यात नाही येत. पुढच्या दहा तारखेला ये, तेव्हा पुन्हा विचार.'

'म्हणजे इथेच राहतेस?'

'या महिन्यापुरती.'

मेहुणीने माझ्याकडे बघितलं. महिन्या-महिन्याच्या बोलीवर ठेवलंय मला, माझ्याच घरात. हॉटेलवाल्यांना मी असेच तात्पुरते परवाने द्यायचो आणि मग न सांगता तपासायला जायचो. किती तिरस्कार करत असतील ते माझा. चहा झाला, थोडी रडारड झाली, ती गेली. तिच्या बुटांचे ठसे पुसले.

मग ही म्हणाली, बॅग तेवढी कपाटावर टाकून द्या. मी उचलली. महिनाभराच्या कपड्यांची बॅग एवढी जड नसते. दोन्ही हात लावावे लागले. बाहेरूनच हाताला एक धातूचा कोपरा लागला, तिच्या इंजेक्शनांच्या डब्याचा. चोवीस वर्षं सायकलला बांधलेला डबा. तो घेऊन कुणी पाहुणं म्हणून जात नाही.

कपाटावरची बॅग तिला उतरवता आली नसती. मी ती पलंगाखाली ठेवली, तिच्या बाजूला, मूठ बाहेरच्या अंगाला करून, हात खाली सोडला की लागेल अशी.